जोखीम कोणाच्या शिरी? : आमोण्याच्या नदीकाठचा एक इतिहास

आमोणे हे गाव डिचोली महालाच्या दक्षिण कडेला, मांडवीच्या उजव्या तीरावर वसलेले आहे. समोर पैलतीरी फोंडे महालातील खांडोळे. नदीकाठी उभे राहून पूर्वेकडे पाहिले, तर वरच्या अंगाला सत्तरी, तिची अरण्ये आणि त्यांमागे सह्याद्रीची भिंत. पश्चिमेकडे वळले, तर दिवाडी, जुने गोवे आणि नदीच्या मुखाशी पणजी. वरून पावसाळ्यात गोड्या पाण्याचे लोट येतात आणि खालून दिवसातून दोनदा भरतीबरोबर खारे पाणी वर चढते. अरण्य आणि नगर यांच्या मधोमध असलेल्या या गावाला दोन्हीकडचे भोग आजवर चुकलेले नाहीत. गोव्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटर भूमीपैकी सुमारे १,५८० चौरस किलोमीटर भूमी या एका नदीच्या खोऱ्यात येते. म्हणून आमोण्याच्या काठावरून जे दिसते ते केवळ एका गावापुरते राहत नाही.

आपल्या मंडळाच्या वाचकांपैकी अनेकांची घराणी या भूमीत बाहेरून आलेली आहेत. कोणी कऱ्हाड-रत्नागिरीकडून उतरले, कोणी सोळाव्या शतकात धर्मच्छळाच्या भयाने तिसवाडी, बारदेश, साष्टीतून नदी ओलांडून आले. देवांनीही तोच मार्ग धरला. दिवाडीचा गणपती फिरत फिरत खांडोळ्यास स्थिरावला; दिवाडीचाच सप्तकोटेश्वर नार्व्यास आला आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. हे सारे आपण अभिमानाने सांगतो. परंतु आलेल्या घराण्यांनी येथे जगण्याची व्यवस्था कशी लावली, पूर आला, बांध फुटला, पाऊस रुसला तर नुकसान कोणी सोसावयाचे ठरले, हा प्रश्न आपल्या कुलवृत्तांतांत क्वचितच येतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

शाळेत आपण शिकलो तो भूगोल नद्या, डोंगर आणि पिके यांच्या याद्यांचा होता. मानवी भूगोल नावाची जी विद्याशाखा गेल्या शतकात विस्तारली, तिची दृष्टी वेगळी आहे. माणूस कोणत्या भूमीवर कशाच्या आधारे जगतो आणि तो आधार सुटला म्हणजे प्रथम कोण कोसळतो, हे ती विचारते. गोव्याच्या भूमीला हा प्रश्न एका परदेशी विद्वानाने विचारला होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. लिस्बन विद्यापीठातील भूगोलाचे प्राध्यापक ओर्लांदो रिबेरो १९५५-५६ मध्ये एक अभ्यासपथक घेऊन गोव्यात आले. वसाहतीच्या सरकारला सोयीचे चित्र त्यांच्याकडून अपेक्षित होते. रिबेरो गावोगाव हिंडले, शेती, वस्ती आणि लोकव्यवहार त्यांनी पाहिला आणि १९५६ साली सरकारला अहवाल सादर केला. आपण पाहिलेल्या पोर्तुगीज प्रदेशांपैकी गोव्यात पोर्तुगीजपण सर्वांत कमी रुजले आहे, असा त्यातील आशय होता. सालाझार सरकारला हे रुचणे शक्य नव्हते. तो अहवाल ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला तो १९९९ साली, म्हणजे गोवा मुक्त होऊन अडतीस वर्षे लोटल्यावर. त्यांच्या सहकारी रकेल सुएरो द ब्रितो यांचा गोव्यावरील भूगोलग्रंथ मात्र १९६६ सालीच बाहेर पडला होता.

सत्य सांगणारा कागद खणात पडून राहिला म्हणजे काय होते, याचे हे एक उदाहरण. आमोण्याच्या परिसरात असे न वाचलेले कागद केवळ सरकारच्या खणात होते असे नाही. काही बांधांत लिहिलेले होते, काही अरण्यात.

प्रथम बांधाचा विचार करू. गोव्यातील शेतकरी आपल्या भूमीचे तीन भाग मानत आला : नदीकाठचे खाजन, मधले केर आणि चढावरचे मोरड. डिचोलीचे जुने नाव भतग्राम. त्या नावातच भात आहे. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन चिखल, चिरे आणि कांदळ यांच्या साह्याने बांध घालून मिळविलेली. बांदोडे येथील सुमारे सहाव्या शतकातील ताम्रपटात अशा जमिनीचा उल्लेख आहे. म्हणजे ही विद्या निदान दीड हजार वर्षे जुनी. संपूर्ण गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे मानले जाते.

या बांधाचे मर्म म्हणजे मानस. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. आत पोंय नावाचा खोलगट भाग ठेवलेला असतो. चुकून आत आलेले वा पावसाचे साचलेले पाणी तेथे थांबते. मृगाच्या सरी जमिनीतील मीठ धुऊन काढतात, नदीचे पाणी गोडे होते आणि मग कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात त्या शेतात उभे राहते. मानशीपाशी सापडणाऱ्या मासळीच्या हक्काची पावणी होई आणि तिच्या उत्पन्नाचा वाटा बांधाच्या डागडुजीकडे जाई. भात, मासळी आणि बांध यांचा हिशेब असा एकमेकांत गुंतलेला होता. एकाच्या शेताजवळ बांधाला भगदाड पडले, तर खारे पाणी सर्वांच्याच शेतात शिरणार. म्हणून रात्री-अपरात्री हाक आली की सर्वांनी धावून जावयाचे. बांध फुटण्याचे भय कोणा एकाचे नव्हते, गावाचे होते. गावकरी संस्थेचे सामर्थ्य तिच्या मानपानापेक्षा या सामाईक भयात अधिक होते, असे मला वाटते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गोव्यातच जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी गोव्याच्या जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थेवर लिहिलेला निबंध १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात आहे. दप्तर आणि पायपीट यांची सांगड घालणाऱ्या त्यांच्या दृष्टीने पाहिले, तर या संस्थेचे गुणगान करून थांबता येत नाही. बांधावर चिखल टाकणारे हात आणि गावच्या सभेत मत देणारे गावकार ही नेहमीच एक माणसे नव्हती. कूळ आणि मुंडकार यांना संस्थेत आवाज नव्हता. भय सामाईक होते; लाभ तितका सामाईक नव्हता. आपल्यापैकी ज्यांची घराणी भाटकार वा गावकार होती, त्यांनी तरी हे विसरू नये.

आता वरच्या अंगाच्या अरण्याकडे वळू. सत्तरीत आणि डिचोलीच्या डोंगरउतारांवर कुमेरीची शेती होती. उतारावरची झाडी तोडून जाळावयाची, राखेत नाचणी-वरी पेरावयाची, दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून दुसरीकडे जावयाचे आणि पहिल्या जागी पुन्हा रान वाढू द्यावयाचे, अशी ही रीत. बाहेरून पाहणाऱ्यास ती केवळ नासाडी दिसे. परंतु खालच्या सपाटीत ज्यांना शेत नाही, अशांचा तो भाकरीचा आधार होता. सपाटीतले भात पुराने गेले, तर डोंगरावरची नाचणी उरे. रानातील फळे, कंद, मध आणि सरपण यांमुळे वर्षातील पडके महिने निभावत. दोन ठिकाणी पाय ठेवून उभे राहण्याची ही पद्धत होती. गावोगावच्या देवराया त्याच व्यवस्थेचा भाग. देवाच्या भीतीने राखलेल्या त्या झाडीखाली झरे जिवंत राहत. आमोण्याचा वेताळ असो वा सत्तरीतील वनदेवता, सीमा आणि रान यांची राखण ही त्यांच्याकडे सोपविलेली जबाबदारी होती.

डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगीजांच्या अमलाखाली कायमचे आले आणि त्यांना नव्या काबिजादी म्हणू लागले. सरकारला नौकांसाठी व इमारतींसाठी लाकूड हवे होते. एकोणिसाव्या शतकात अरण्यांवर सरकारी प्रशासन आले आणि कुमेरीवर निर्बंध आले. सत्तरीच्या राण्यांची बंडे आपण शौर्यकथा म्हणून वाचतो. १८५२ साली दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला. १८९५ साली दादा राणे यांचे बंड झाले. वतनी हक्कांतील ढवळाढवळ, करांचा बोजा, रीतिरिवाजांवरील बंधने ही त्यांची कारणे इतिहासकारांनी नोंदली आहेत. त्या कारणांच्या तळाशी भूमीचा प्रश्न होता : रान कोणाचे आणि त्यावर जगण्याचा अधिकार कोणाचा? राण्यांचे मोकासे आणि गरिबाची कुमेरी यांचे हित एकच होते, असे मात्र म्हणता येणार नाही. बंडाचे नायक इतिहासात आले; कुमेरी गमावलेली माणसे आली नाहीत.

पुढे कुमेरीच्या उतारांवर काजू आला. कायदे बदलले, अभयारण्ये झाली. १९९९ साली म्हादई अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले आणि २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला. परंतु दाव्यांचा निकाल फार संथ गतीने लागत आला. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात ठिकठिकाणी वणवे लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या गोव्यातील खंडपीठाने तेथे व्याघ्र प्रकल्प घोषित करण्याचा आदेश दिला आणि त्यावरून पुढे वाद चालू झाला. रान राखले पाहिजे याविषयी दुमत नसावे. मात्र रान राखण्याची किंमत रानात राहणाऱ्यानेच द्यावयाची आणि त्या रानातून येणारे पाणी खालच्या नगरांनी प्यावयाचे, हा हिशेब न्यायाचा नाही.

तिसरे प्रकरण खनिजाचे. पोर्तुगीज राजवटीचा खाणकायदा १९०६ सालचा. परंतु लोहखनिजाची निर्यात खऱ्या अर्थाने वाढली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. रिबेरो गोव्यात आले तेव्हा डिचोलीचे डोंगर नुकतेच खणले जाऊ लागले होते. पोर्तुगीजांनी दिलेले खाणहक्क मुक्तीनंतरही चालू राहिले आणि १९८७ च्या कायद्याने त्यांचे रूपांतर भाडेपट्ट्यांत झाले. एक टन खनिजासाठी अडीच ते तीन टन माती-दगड उपसावा लागे. ती माती डोंगरासारखी रचली जाई आणि पावसात ओहोळांवाटे शेतात, पोंयीत आणि नदीत उतरे. खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या तेथे विहिरींचे पाणी गेले. शिरगावच्या विहिरींचे गाऱ्हाणे न्यायालयापर्यंत पोचले. नदीतून बार्जी मुरगावकडे जात. त्यांच्या लाटा बांधाच्या पायथ्याशी आदळत. आमोण्यात तर १९९० च्या दशकाच्या आरंभी कच्च्या लोखंडाचा कारखानाच उभा राहिला.

पण खाण केवळ वरून लादली गेली, असे म्हणणे हा अर्धा इतिहास होईल. त्याच काळात बांधही आतून पोखरत होता. कूळकायदा १९६४ साली आला आणि पुढे १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्यास जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग खुला झाला. शतकांचा अन्याय त्याने दूर केला आणि ते योग्यच झाले. परंतु जमिनीबरोबर बांधाची जबाबदारी कोणाकडे गेली, याची घडी नीट बसली नाही. गावकरी संस्थांचे उत्पन्न आटले. कुळांच्या संघांकडे बांध आले, पण बहुतेक ठिकाणी द्रव्यबळ आले नाही. मानशीची पावणी घेणाऱ्याला मासळीत अधिक लाभ दिसू लागला. मासळीसाठी खारे पाणी आत हवे, भातासाठी बाहेर. एकमेकांत गुंतलेला तो हिशेब सुटला. अशा वेळी खाणीवरचा ट्रक दरमहा रोख पैसा घेऊन दारात उभा राहिला. मुलांनी नांगर ठेवला यात नवल ते काय? त्यांनी एक अनिश्चित जीवन सोडून निश्चित वाटणारे जीवन पत्करले, एवढेच.

ते निश्चित नव्हते, हे २०१२ साली कळले. २०१०-११ मध्ये गोव्याची लोहखनिज निर्यात पाच कोटी टनांवर गेली होती. चीनच्या मागणीने भाव चढले होते. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला. तीन दिवसांनी राज्य सरकारने खाणी थांबविल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ साली काही अटींवर मार्ग मोकळा झाला. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चपासून पुन्हा सर्व ठप्प. डिसेंबर २०२२ मध्ये पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि २०२४ साली डिचोलीच्या पट्ट्यात उत्खनन पुन्हा चालू झाले. कायद्याच्या दृष्टीने न्यायालयाचे निर्णय योग्य होते. पण निर्णयाचा भार कोणावर पडला ते पाहावे. खाणमालकाजवळ इतर उद्योग होते. ज्याने कर्ज काढून ट्रक घेतला होता, त्याच्याजवळ ट्रक आणि हप्ते एवढेच उरले. त्याच्या आजोबाजवळ सपाटीचे भात आणि उतारावरची नाचणी असे दोन आधार होते. नातवाजवळ एकच होता आणि त्याची दोरी बीजिंगच्या बाजारात बांधलेली होती.

शेवटी नगराकडे येऊ. पणजी ही राजधानी म्हणून १८४३ साली प्रस्थापित झाली. नारळीच्या बागा, खाजन आणि दलदल यांच्यावर भर घालून ती वाढली. तिचे पिण्याचे पाणी ओपा येथून, म्हणजे खांडेपार नदीतून येते. ती नदी पुढे मांडवीलाच मिळते. नगर वरच्या पाण्यावर जगते, पण वर काय चालले आहे याची त्याला जाणीव होते ती पुराच्या दिवशी. २३ जुलै २०२१ रोजी सत्तरी, डिचोली आणि फोंडे महालांत आलेला पूर १९८२ नंतरचा सर्वांत मोठा, असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले. कित्येक घरे पडली. त्यांत मातीची जुनी घरे होती तशीच पूर्वी कोणी वस्ती केली नव्हती अशा सखल जागीची नवी घरेही होती.

अमेरिकन भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात मांडलेला विचार येथे आठवतो. पूर निसर्गाचा असला तरी पुरातील नुकसान बहुतांशी माणसाने ओढवून घेतलेले असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. धरणे व तटबंदी एवढ्यावर भिस्त ठेवणे त्यांना पटत नव्हते, कारण अशा रक्षणाने निर्धास्त झालेले लोक नदीच्या हक्काच्या जागेत अधिकच वस्ती करतात. आपल्याकडील खाजनाच्या रचनेत हे शहाणपण फार पूर्वीपासून होते. तेथे नदीला अडविले होते, पण तिच्यासाठी पोंयीत जागाही ठेवली होती आणि बांधामागे शेत होते, घर नव्हते. घर चढावर. आज बांधामागे भर घालून घरे उभी राहतात आणि पोंयी बुजतात. मग पाणी जाणार कोठे?

म्हादईच्या पाण्याचा तंटा याच साखळीतला. २०१० साली नेमलेल्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा देऊन कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी वाटून दिले. राज्याराज्यांत पाणी मोजून वाटले गेले. उगमाकडचे पाणी घटले तर खारेपणा मांडवीत किती वर चढेल आणि तो प्रथम कोणाच्या शेतात शिरेल, हे मोजण्याची निकड मात्र आमोण्यासारख्या गावालाच वाटणार.

या सर्व वृत्तांतातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. जोखीम नाहीशी होत नाही. ती हात बदलते. गावाने बांध राखला तेव्हा ती गावाच्या शिरी होती, जरी सर्वांच्या शिरी सारखी नव्हती. अरण्य सरकारचे झाले तेव्हा ती कुमेरीवाल्याच्या शिरी गेली. डोंगर खणला तेव्हा ती विहिरीवाल्याकडे आणि शेतकऱ्याकडे आली. खाण थांबली तेव्हा ट्रकवाल्याकडे. नगर वाढले तेव्हा सखल जागी घर बांधणाऱ्याकडे. प्रत्येक वेळी लाभ एका बाजूला गेला आणि भय दुसऱ्या बाजूला उरले. एखादी नवी योजना गावात आली म्हणजे किती रोजगार मिळेल हे विचारावेच. पण ती फसली तर कोण भरेल, हेही त्याच सभेत विचारले जावे.

ते विचारण्यासाठी पुरावा लागतो आणि येथे आपल्या घराण्यांचे कर्तव्य येते. डिचोली महालातील पिळगावचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या पुराभिलेखागारातील कागदांना आयुष्य वाहिले. सरकारी दप्तर त्यांच्यामुळे बोलू लागले. परंतु घराघरांतील पेटाऱ्यांत जी मोडी बाडे आहेत, त्यांपैकी पुष्कळ अजून मुकी आहेत. आपण त्यांत सनदा आणि वंशावळी शोधतो. त्याच बाडांत बांधाच्या खर्चाचा जमाखर्च, मानशीची पावणी, कुमेरीचा खंड, पुराच्या वर्षी सोडलेले धान्य यांच्याही नोंदी असू शकतात. कोणाच्या पूर्वजांनी पूर आल्यावर कुळाचा खंड माफ केला आणि कोणाच्या पूर्वजांनी केला नाही, हेही त्यांतून कळेल; ते कळू देण्याचे धैर्य आपल्यात असावे. वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी ही पाने उलगडावीत, जाणत्याकडून वाचून घ्यावीत. घरात कोणी वृद्ध कूळ वा मुंडकार येत-जात असेल, तर पाणी कोठवर चढले होते, मानस कोठे होती, झरा कधी आटला, हे त्यांना विचारून लिहून ठेवावे. त्यांच्याजवळ कागद नाहीत. त्यांची स्मृती हेच त्यांचे दप्तर.

रिबेरो यांचा अहवाल त्रेचाळीस वर्षे वाचकांपर्यंत पोचला नाही आणि पोचला तेव्हा तो ज्या राजवटीसाठी लिहिला होता ती उरली नव्हती. आपल्या पेटाऱ्यांतील आणि आपल्या वृद्धांच्या स्मृतीतील अहवाल इतका काळ थांबू शकणार नाहीत. आमोण्याच्या काठावर भरती रोज दोनदा येते. बांध कोठे कच्चा आहे हे ती न चुकता शोधून काढते. ते आपल्याला तिच्या आधी ठाऊक असावे.